ठोंब्याच्या दातांचा ठसा

दर रविवारी सकाळी माझे वडील कुत्र्याचे दात घासत. त्या रविवारीही त्यांनी घासले.

ज्या मागच्या खोलीत त्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, तिथेच खिडकीखालच्या बाकावर ते ठोंब्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डोकं मांडीवर मावत नव्हतं. रॉटवायलर जातीचा कुत्रा. काळाकुळकुळीत अंग, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके, पहिलवानाची छाती. हाक मारली तर यावं की नाही, हे ठरवायला त्याला पाच मिनिटं लागत, म्हणून नाव ठोंब्या.

"आ कर. कर की रे. माझी गिऱ्हाइकं तुझ्यापेक्षा शहाणी," बाबा म्हणाले. मग मला, "ठमाबाई, दारात काय उभी राहतेस पाहुणीसारखी? आत ये. याचे सुळे बघ. चारही बोथट. साखळी चावून चावून घासलेत."

"आधी तुम्ही त्याच्या तोंडातून हात काढा."

"का? हात चावायला दात हवेत ना त्याला!"

मी आत गेले नाही. चार वर्षांत तो खोलीत असताना मी कधीच आत गेले नव्हते. ठोंब्या आधी एका गोदामाच्या फाटकाशी साखळीला होता. मालक गोदाम विकून गेला, कुत्रा तिथेच राहिला. आई गेली त्या वर्षी बाबा त्या बाजूला कुणाची तरी कवळी पोचवायला गेले आणि येताना त्याला घेऊन आले. कॉलनीतल्या लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही. अर्ध्या कॉलनीच्या तोंडात बाबांनी केलेले दात होते. मागे मात्र सगळे एकच बोलत. जातच तशी. आज नाही तर उद्या चावणार.

मीही तेच बोलत असे. मी पुष्कळ वाचते, असं लोक म्हणतात. या एका बाबतीत मी काही वाचलं नव्हतं आणि मला सगळं माहीत होतं.

जेवताना मी पुन्हा विषय काढला. आदल्या महिन्यात बाबा न्हाणीघरात चक्कर येऊन पडले होते.

"बाबा, आता पुरे झालं. माझ्याकडे राहायला या."

"आणि हा?"

"आमच्या इमारतीत ही जात चालत नाही."

"हळू बोल, ऐकतोय तो," बाबा म्हणाले आणि आपल्या ताटातला भात त्याच्या पातेल्यात सारला. विषय संपला.

दुपारी ते आडवे झाले. मी त्यांची औषधं आणायला निघाले. दार ओढून घेतलं असं मला वाटलं. ते दार ओढून भागत नाही, वर उचलून लोटावं लागतं. त्या घरात मी लहानाची मोठी झाले, मला हे ठाऊक असायला हवं होतं.

जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, अंगणाकडे उघडणारी. तिथे मी चपलेचा पट्टा लावायला थांबले. खाली दुसऱ्या मजल्यावरची मुलगी उकिडवी बसली होती. सात वर्षांची असेल. तिच्यासमोर सेक्रेटरींच्या घरचा कापूस, पांढरा, झिपरा, उशीएवढा कुत्रा. मुलगी त्याला बिस्कीट दाखवी आणि मागे घेई. दाखवी आणि मागे घेई. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा कापूस गुरगुरला. पाचव्यांदा त्याने तिचा हात दातांत धरला.

मुलगी किंचाळली. त्याच क्षणी माझ्या मागून, पायऱ्यांवर नखं वाजवत, ठोंब्या खाली गेला. त्याचे मागचे पाय संधिवाताने आखडलेले. तो पळत नव्हता, घरंगळत होता. तो मुलीजवळ जाऊन उभा राहिला. तिच्या तोंडाजवळ त्याने तोंड नेलं आणि हुंगलं. एवढंच.

खिडक्या उघडल्या तेव्हा लोकांना दिसलं ते इतकंच: रडणारी मुलगी, तिच्या हातावर रक्त आणि शेजारी काळा रॉटवायलर.

"फाडलं पोरीला!" कुणीतरी ओरडलं. "दातवाल्या काकांच्या कुत्र्यानं पोर फाडली!"

सेक्रेटरींची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, धावत आली आणि तिने आधी कापसाला उचलून पदराखाली घेतलं. "घाबरलं गं माझं बाळ! थरथरतंय बघा कसं." मुलीची आईही आली. तिने लेकीला हलवत विचारलं, "काळ्यानं चावलं ना? त्या काळ्यानं?" कापसाशी खेळायचं नाही, अशी मुलीला घरून ताकीद होती. तिने मान डोलावली.

बाबा एकाच पायात चप्पल घालून खाली आले. कुणाशी न बोलता त्यांनी मुलीचा हात अंगणातल्या नळाखाली धरला आणि साबण लावून धूत राहिले. धुता धुता ते वाकले. दातांच्या खुणा दिसल्या की ते वाकत, तो त्यांचा धंदाच होता. त्यांनी आपला अंगठा जखमेवर आडवा धरून पाहिला.

"चार बारीक भोकं," ते म्हणाले. "सुईनं टोचल्यासारखी. आणि मध्ये माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर. हे याचं काम नाही."

"मग काय मी चावलो?" सेक्रेटरी म्हणाले. दोघं-तिघं हसले.

बाबांनी वर पाहिलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होते.

"तू जिन्यातच होतीस ना, बाळ? काय पाहिलंस?"

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, ते मी आज लिहिते. भीती होतीच, दार मी उघडं टाकलं होतं. पण भीतीच्या आधी दुसरंच आलं होतं. सुटलो. आता कुत्रा जाईल. आता बाबा माझ्याकडे येतील. आणि लगेच, स्वतःची समजूत घालायला: आज नाही तर उद्या हा चावलाच असता.

"मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, असं मला तेव्हा वाटलं.

तीन दिवसांनी सभा झाली. बाबा एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन गेले. आत ठोंब्याच्या दातांचा प्लास्टरचा ठसा होता. माणसांच्या जबड्यांचं माप घ्यायची पत्र्याची वाटी त्याला कुठून पुरणार? त्यांनी पत्रा वाकवून नवी केली, तीत ठशाची लापशी भरली आणि ठोंब्याच्या तोंडात घातली.

"मनगटापर्यंत हात त्याच्या तोंडात होता माझा," बाबा सभेत म्हणाले. "लापशी घट्ट होईपर्यंत. लाळ गाळत बसला, पण हलला नाही. हे सुळे बघा, टोकंच नाहीत. अंतर मोजा. पोरीच्या हातावर..."

"मालकाला कोण चावतं, काका?" मुलीचे वडील म्हणाले.

"आता काय, कवळी बसवणार त्याला?" सेक्रेटरींनी विचारलं आणि सभा हसली. बाबांच्याच दातांनी हसली. पेटी टेबलावर पोचलीच नाही. रॉटवायलर म्हणजे रॉटवायलर, त्यात मोजायचं काय?

मी मागच्या रांगेत होते. बाबांनी एकदा वळून पाहिलं. मी पर्समध्ये रुमाल शोधला.

ठोंब्याला गावाबाहेरच्या आश्रयगृहात न्यायचं ठरलं. पिंजऱ्यावर पाटी लागली, 'आक्रमक'. पाटी लागली म्हणून आतला माणूस जेवण काठीने पुढे ढकली. काठी दिसली की ठोंब्या कोपऱ्यात सरके आणि गुरगुरे, मग तो माणूस म्हणे, "पाहिलंत? पाटी उगाच नाही लागली." त्याला पुन्हा साखळी घातली. बाबा रोज बस बदलून जात आणि जाळीपलीकडून त्याच्याशी गप्पा मारत. हात लावायची परवानगी नव्हती. अकराव्या दिवशी ते पोचले तेव्हा रिकामा पिंजरा धुवत होते. ठोंब्याने आठवडाभर अन्नाला तोंड लावलं नव्हतं.

बाबा माझ्याकडे राहायला आले. मला हवं होतं ते झालं. नीट जेवत, नातवंडांचे दात तपासत, वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. फक्त रविवारी सकाळी त्यांना हातांचं काय करावं ते कळत नसे. मी चहा ठेवला की ते कप दोन्ही हातांत धरून बसत. मी बोलायचं ठरवी. पुढच्या रविवारी, असं ठरवी. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. वर्षभराने एका दुपारी झोपेतच गेले.

नंतर मी वाचलं. पशुवैद्यांशी बोलले. त्यांनी बाबांच्या बाजूने किंवा विरुद्ध काही सांगितलं नाही, सरळ सांगितलं. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर जखम मोठी होते, हे खरं. अशा कुत्र्याला मालकही जबाबदार हवा, हेही खरं. पण कोण चावेल, हे नुसत्या रंगा-जातीवरून सांगता येत नाही. साखळी, उपास, मार, चिडवणं, एकटं ठेवणं, हे सगळं विचारावं लागतं. "लहान कुत्रा चावला की लोक औषध लावतात आणि विसरतात," ते म्हणाले. "मोठा चावला की लक्षात ठेवतात." मी ऐकलं. एवढं कळायला मला पशुवैद्य नको होता. मला एक जिन्यातली खिडकी पुरली असती.

घर रिकामं करायला गेले तेव्हा मागच्या खोलीतल्या फडताळात अर्ध्या कॉलनीचे प्लास्टरचे जबडे ओळीने होते. प्रत्येकाखाली चिठ्ठी. सेक्रेटरींचाही होता. शेवटी, सगळ्यांत मोठा, ठोंब्याचा. चिठ्ठीवर बाबांचं बारीक अक्षर: 'सुळ्यांतलं अंतर पाच सेंटीमीटर. मुलीच्या हातावर दोन.' त्याखाली, वेगळ्या शाईत: 'ठमीनं पाहिलं असावं. सांगेल तेव्हा सांगेल.'

मी त्या बाकावर बसले. मग ठोंब्याचा ठसा त्या पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवला.

त्याच संध्याकाळी कॉलनीची सभा होती. मला चावी द्यायची होती. सूचना फळ्यावर लागली होती: 'मागील गंभीर घटना लक्षात घेता' तीन जातींच्या कुत्र्यांना बंदी. कॉलनीत तशी एकच कुत्री होती. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमनची, रुंद तोंडाची, रस्त्यावरून उचलून आणलेली. तिला ते बाईसाहेब म्हणत. "आयुष्यभर कुत्री मागे लागली," ते सांगत, "एक तरी शेजारी बसायला नको का?" आज ते पुढच्या खुर्चीत बसले होते आणि विनोद करत नव्हते. बाईसाहेब त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपली होती. तिच्या पट्ट्याला त्यांनी नवी दोरी बांधली होती, घट्ट, दुहेरी.

"विषयाकडे वळण्यापूर्वी," सेक्रेटरी उठून म्हणाले, "आपल्या दातवाल्या काकांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या."

सगळे उभे राहिले. वहिनी, कापसाला कडेवर घेऊन. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी, आईच्या शेजारी, बाही मनगटापर्यंत ओढलेली. माझ्या हातात पेटी होती. नवी कवळी बसवली की बाबा गिऱ्हाइकाला सहासष्ट म्हणायला लावत. स नीट उमटला तर दात बसले. लोक लाजत, नव्या दातांनी बोलायला घाबरत. मग बाबा हळूच म्हणत, "आता तुमची तक्रार दातांची नाही. तोंड उघडा आणि बोला."

दोन मिनिटं झाली. खुर्च्या सरकल्या, सगळे बसले. मी उभीच राहिले.

"बोला ना, ताई," सेक्रेटरी म्हणाले. "चावीचं ना?"

मी पुढे गेले. टेबलावर चावी ठेवली नाही, पेटी ठेवली. झाकण काढलं. पहिल्यांदाच त्या टेबलावर ठोंब्याचे दात सगळ्यांसमोर आले. चार बोथट सुळे, प्लास्टरचे, पांढरे. मुलीने ते पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिला काय वाटत होतं, ते मला ठाऊक होतं. त्या पोरीवर मी चौदा महिने माझ्या खोट्याचं ओझं टाकलं होतं.

"तुझी चूक नाही गं," मी तिला म्हणाले. "तू लहान होतीस. मी मोठी होते."

मग मी सगळ्यांकडे वळले.

"त्या दिवशी मी जिन्याच्या खिडकीत होते. मी सगळं पाहिलं. ठोंब्या चावला नाही. कापूस चावला. दार मी उघडं टाकलं होतं, म्हणून ठोंब्या खाली आला, आणि तो तिला हुंगायला आला होता. माझ्या वडिलांनी तुमच्यासमोर मला विचारलं, काय पाहिलंस. मी खोटं बोलले. तुम्ही ज्या घटनेवर हा नियम लिहिलाय, ती घटना घडलीच नाही. मी पाहिलं होतं, बाबा. मी पाहिलं होतं."