शंभर रात्री बंद ठेवलेला खडक

वाइसाकेच्या धाकट्या लेकीला पहिला मुलगा झाला, त्याच वर्षी जानेवारीत गावचा प्रमुख रातू इनोके गेला. रिवाजाप्रमाणे गावासमोरचा प्रवाळाचा खडक शंभर रात्री बंद केला. खाडीत तिवराच्या काठ्या रोवून त्यांना झावळ्या बांधल्या. तेवढे दिवस त्या पाण्यात जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, पायसुद्धा बुडवायचा नाही. मग खडक उघडायचा आणि तिथल्या मासळीवर मयताचं जेवण घालायचं. राखण वाइसाकेकडे आली. आधी दोनदा त्यानेच राखलं होतं, आणि दोन्ही वेळा मासळी इतकी की जाळी ओढायला माणसं कमी पडली होती.

"नीट राख रे," त्याचा आतेभाऊ नेमानी म्हणाला. "तुझं पोट बघून मासे आत्ताच पळालेत."

"तुझं तोंड बघून परत येतील. वाटेल त्यांना, आपल्यातलाच कोणी आलाय."

आतेभाऊ-मामेभावांचं असंच चालायचं. थट्टा थांबली की लोक विचारायचे, भांडलात काय?

त्याच वर्षी गावाजवळच्या नदीच्या वरच्या अंगाला लाकूडवाल्यांनी अख्खा डोंगर बोडका केला होता. ओंडके बोटीत चढवायला नदीच्या मुखावरची तिवरं तोडून धक्का बांधला होता. तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल; पावसाचा जोर वाढला आणि नदी तांबडी झाली. पूर्वी तिवरांच्या मुळांत अडणारा गाळ आता सरळ समुद्रात जाऊ लागला. वाइसाकेची बायको उनाइसी खेकड्यांना जायची, ती रिकामी टोपली घेऊन परतली. उरलेल्या तिवरांची वर आलेली मुळंही चिखलाखाली गेली होती.

रात्री सगळे कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायला बसले, त्या बैठकीत वाइसाकेने हे सांगितलं. रातूचा मुलगा रुसियाते आता प्रमुख होता. तो म्हणाला, "पावसात पाणी गढूळ होतंच, काका. खडक बंद आहे ना? मग तो आपला आपण भरेल."

एकसष्टाव्या दिवशी पहाटे वाइसाके होडीतून काठ्या बघत होता. पाण्याला कुजका वास येत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पाण्यात उतरला.

खाली सगळं राखाडी होतं. हरणाच्या शिंगांसारखी प्रवाळं गाळाने लिंपली होती. त्याने एका फांदीवरून हात फिरवला, खाली पांढरंफटक हाड निघालं. शेजारचं थाळीएवढं पोवळं अजून जिवंत होतं. ते त्याने तळव्याने पुसलं. श्वास घ्यायला वर जाऊन पुन्हा खाली आला, तोवर त्याच्यावर गाळ बसला होता. त्याने पुन्हा पुसलं. असं सात-आठ वेळा केलं.

घरी उनाइसीने त्याच्या केसांकडे पाहिलं. "होडीत पाऊस लागला वाटतं?"

"हं."

"खारट पाऊस," ती म्हणाली.

सांगायचं कुणाला? खालचं सांगायचं तर आधी उतरलो हे सांगावं लागणार. ज्याच्या शब्दावर खडक बंद होता, त्यानेच बंदी मोडली होती. उरलेले एकोणचाळीस दिवस त्याने तोंड उघडलं नाही. लाकूडवाल्यांच्या धक्क्यावर मात्र गाळाची तक्रार घेऊन एकदा गेला. तिथल्या माणसाने त्याला चहा दिला आणि सांगितलं, साहेब शहरात असतात.

खडक उघडायच्या दिवशी चार गावांचे पाहुणे आले. बायकांनी अळूची पानं नारळाच्या रसात शिजत घातली. जाळी ओढली, तर चिखल, शेवाळ आणि मूठभर बोय मासे.

"चोरलेत!" कोणीतरी ओरडलं. "नेमानीच्या पोरांकडे इंजिनाची होडी आहे!"

नेमानीचा थोरला मुलगा पुढे झाला, दोघांनी त्याची गचांडी धरली. वाइसाके मध्ये पडला.

"सोडा त्याला. मासे कोणी नेले नाहीत. खाली सगळं गाळाने मेलंय. मी पाहिलंय."

"कधी पाहिलंत, काका?" रुसियातेने हळूच विचारलं.

वाइसाकेने खाडीतल्या काठ्यांकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं.

"म्हणजे तुम्ही उतरलात," रुसियाते म्हणाला. "म्हणून मेलं."

"गाळ आधीच होता रे! नदीकडे बघा!"

कोणी नदीकडे बघितलं नाही. पाहुण्यांना डब्यातली मासळी वाढली.

वाइसाकेने रिवाजाप्रमाणे देवमाशाचा दात पुढे ठेवून माफी मागितली. प्रमुखाने ती दिली. पण पाणी तसंच राहिलं. पुढच्या बैठकीत नेमानी शेजारी येऊन बसला. वाइसाके थट्टेची वाट बघत राहिला. नेमानीने कावाची वाटी दोन्ही हातांनी पुढे केली आणि म्हणाला, "घ्या, वाइसाकेदादा."

"अरे, पोटाबद्दल काहीतरी बोल," वाइसाके म्हणाला.

नेमानीने वाटी परत घेतली आणि पुढच्या माणसाला दिली.

त्या रात्री वाइसाकेने उनाइसीला विचारलं, "माझ्यामुळेच झालं असेल का गं?"

"तुम्ही एकदा उतरलात. ती नदी रोज उतरतेय, तिला कोण विचारतं?"

"पण मी राखणदार होतो."

 तो रोज सकाळी होडी घेऊन जायचा. आता बंदी नव्हती. खाली जाऊन ते थाळीएवढं पोवळं पुसायचा. पावसाळा संपेपर्यंत तेही पांढरं पडलं. तरी तो जातच राहिला. पुढच्या पावसात छाती भरली, तेव्हा थांबला.

वाइसाके दुसऱ्या वर्षी मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी, घरातच वारला.