क्लचवरचा ठोकळा

"मीठ घ्यायला हात घालावा तर हाताला नट लागतो. तो उचलून बाजूला ठेवावा तर ऐकायचं काय, की तो पुढच्या चाकाचा आहे, हलवू नको. जेवायचं टेबल आहे की गॅरेज?"

वहिनी हे सिंकमधल्या भांड्यांना सांगत होती. मी तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसून सायकलच्या ट्यूबमधून छोट्या ट्रॅक्टरच्या टायरच्या गुट्या, म्हणजे रबरी दाते, कापत होते, त्यामुळे भांड्यांच्या आधी मलाच ऐकू आलं.

"वन्सं, आज ताटं कुठे मांडू? बॉनेटवर?"

एरवी ती मला ताई म्हणते. चिडली की मी वन्सं होते.

"मांड की. फक्त गरम काही ठेवू नको, रंग ओला आहे."

"आणि माझी चहाची गाळणी?"

गाळणीची तोवर रेडिएटरपुढची जाळी झाली होती. मी मान खाली घालून गुट्या कापत राहिले.

हे सगळं दादाच्या डोक्यातून निघालं होतं. आमची रोपवाटिका बाबांनी सुरू केली, आता दादा बघतो. मागच्या शेडमध्ये आमचा जुना ट्रॅक्टर बंद पडून होता. ट्रॅक्टर आपला म्हणायचा म्हणून. बागेत वाफ्यांच्या मधून फिरायला केलेला, शेतातल्या ट्रॅक्टरपुढे घोड्याशेजारी शिंगरू दिसावं एवढाच. घरात त्याचं नाव बुटका. दादाने शेडला लागून कुंड्यांचं नवं दुकान बांधलं होतं, आणि शेडची जागा त्याला मालासाठी हवी होती. बुटका भंगारात जाणार, आणि त्याच्या आठवणीसाठी दुकानात काचेच्या पेटीत त्याचं छोटं मॉडेल राहणार, वर सीटवर बसलेले बाबा. दुकानाच्या उद्घाटनाला जुनी गिऱ्हाइकं येणार, त्यांनी ते बघायचं.

"तुला नाहीतरी चिटुकलं काहीतरी करत बसायचा नाद आहेच," दादा म्हणाला. त्याच्या तोंडून हे कौतुकच.

नाद मला आहे, आणि तो कुणी लावला नाही. लहानपणी बिघडलेली घड्याळं उघडली. ती परत बंद करता येईनात, म्हणून शिकत गेले. दिवसा मी रोपवाटिकेत झाडांच्या पाट्या लिहिते. उरलेल्या वेळात बसची, शिवणयंत्रांची, पाण्याच्या पंपाची बाळं करते.

बुटक्याचं माप मी आठास एक धरलं. मोजपट्टी, पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन शेडमध्ये जायचं, एक एक भाग मोजायचा आणि टेबलाशी येऊन करायचा. बॉनेट बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचं. सायलेन्सर बॉलपेनच्या रिफिलचा. दिव्यांच्या काचा गोळ्यांच्या पाकिटातल्या फुगीर प्लास्टिकच्या. जिथे खऱ्याचा हिरवा रंग उडून खालचं लोखंड दिसत होतं, तिथे मीही रंग घासून उडवला. दादा म्हणाला, नवा कोरा कर की. मी म्हटलं, नवा कोरा बघितलाय कोणी?

मग पेडलांची पाळी आली.

क्लचच्या पेडलावर लाकडाचा ठोकळा बोल्टने आवळलेला होता. दाराच्या जुन्या चौकटीचा तुकडा असावा. त्यावर पाय घसरू नये म्हणून ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. सीट पुढे, शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेली, आणि तिचे बोल्ट गंजून लोखंडाशी एकजीव झालेले. पाठीच्या गादीचं रेक्झिन झिजलेलं होतं, पण पार खाली, बाबांची कंबर टेकेल तिथे. डाव्या मडगार्डच्या कडेला एक जागा आरशासारखी गुळगुळीत होती. चढताना तिथे हात धरला जायचा. मी माझा हात तिथे ठेवून बघितला. बरोबर बसला. आणि माझा हात आईसारखा आहे, बाबांसारखा नाही.

मला यात नवीन काही कळलं नव्हतं. घरात सगळ्यांनाच ते माहीत होतं. लहानपणी आम्हाला जाग यायची ती बुटक्याच्या आवाजाने. मागच्या वाफ्यांतून तो भडभडत फिरायचा, स्वयंपाकघरात गॅस बंद असायचा, आणि बाबा आमच्या शेजारी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलेले असायचे. झोपलेले म्हणजे डोळे मिटून. गिऱ्हाइकं यायच्या वेळेला बुटका फाटकाशी उभा असायचा, आई आत कणीक मळत असायची, आणि बाबा वर बसलेले, एक हात स्टीअरिंगवर, इंजिन बंद. लोक त्यांना ट्रॅक्टरकाका म्हणायचे. फोटोतही ते तसेच आहेत, गुडघे कानांशी आलेले. उंच माणूस आणि ठेंगणा ट्रॅक्टर, म्हणून सगळे हसायचे. सीट कोणासाठी पुढे ओढली आहे, हे कोणी विचारलं नाही.

ट्रॅक्टर घेतला त्याच वर्षी मागच्या उतारावर तो बाबांच्या हातून मागे घसरला होता. बाबांनी उडी टाकली, ट्रॅक्टर खताच्या खड्ड्यात गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर बाबांनी किल्लीला हात लावला नाही. आम्ही यावर कधी खोटं बोललो नाही. फक्त बोलणं त्या वळणावर आलं की कुणाला तरी तहान लागायची.

मी ठोकळा केला. पेन्सिलीच्या लाकडाचा, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, वर ट्यूबची पट्टी.

मग बाबांचा पुतळा केला, तारेवर पुट्टी चढवून. बाबांनी हौसेने मापं दिली, भिंतीला टेकून ताठ उभे राहिले. पुतळा वाळला तसा मी तो सीटवर बसवायला घेतला. बसेना. गुडघे स्टीअरिंगखाली अडकले, आणि वर काढले तर काका कमी आणि बेडूक जास्त दिसू लागले.

दादा बघत होता. "सीट मागे घे."

"जात नाही."

"अगं, मॉडेलमधली."

"खऱ्यातली जात नाही, तर यातली कशी जाईल?"

"आणि ते पायाशी काय चिकटवलंयस? काढ ते. घाण दिसतंय."

"तिथे आहे, म्हणून आहे."

"लोक विचारतील ना."

"विचारू देत."

सिंकमधला नळ बंद झाला. वहिनी काहीही न धुता तिथेच उभी राहिली. दादाने आवाज खाली आणला. "बाबांचं वय बघ जरा. या वयात त्यांना लोकांपुढे..."

"मी आईचं पण वय बघतेय," मी म्हटलं. "बुटका परवा जाणार. मग ही एवढीच जागा उरते, जिथे तिचा पाय होता."

दादाला तहान लागली. तो पाणी प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून हातातच धरून बसली. चहा मात्र माझा होता.

"काढून टाक ना गं तो. नखाएवढा तर आहे."

"नखाएवढाच आहे, तर राहू दे की."

"त्यांना लागेल."

"आणि तुला?"

"मला काय लागायचंय. मी चालवला. माझं झालं चालवून." तिने माझा चहा घोटभर प्यायला. "तू लग्नातसुद्धा अशीच अडून बसली होतीस. नवरदेव दारात आणि तू म्हणे, आधी मला याच्याशी बोलायचंय."

"बोलले म्हणून तर वाचले."

ती हसली. मग तिने चष्मा लावला, वाकली, आणि मॉडेलच्या पोटात बोट न लावता बराच वेळ बघत राहिली. उठताना म्हणाली, "पट्टी चुकली आहे. तू सरळ गुंडाळलीस. मी उलटी गुंडाळायचे, खरखरीत बाजू वर. पावसात चप्पल सटकायची."

ती गेल्यावर मी पट्टी काढली आणि उलटी गुंडाळली.

बाबाही एकदा येऊन गेले. भिंग घेऊन त्यांनी समोरून सुरुवात केली. दिवे बघितले, जाळी बघितली, बॉनेटवर फुंकर मारली. बाजूने फिरत पेडलांशी आले तेव्हा थांबले. भिंग खाली ठेवून म्हणाले, "छान," आणि झाडांना पाणी घालायला गेले. झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

भंगारवाल्याचा टेंपो आला. चार माणसांनी फळ्यांवरून बुटका वर ढकलला. बाबा फाटकाशी उभे होते, आई घरातून बाहेर आली नाही. टेंपो वळणाआड गेला. मी घरात येऊन टेबलाशी बसले आणि बघते तर क्लचचं पेडल बोडकं. ठोकळा नव्हता. सीट चिकटवलेल्या जागेवरून उचकटून मागे नेली होती, आणि तिच्यावर बाबा ऐसपैस पाय पसरून बसले होते. बाजूला भाजी चिरायची सुरी.

दादा दुकानात काचा पुसत होता. मी तिथे गेले नाही. गेले असते तर भांडण झालं असतं आणि पेडल तसंच राहिलं असतं. मी सीट सोडवली, पुन्हा शेवटच्या खाचेपर्यंत पुढे नेली. बाबांना उतरवलं आणि ट्रॅक्टरशेजारी उभं केलं. बसण्यासाठी केलेला पुतळा उभा करायचा म्हणजे गुडघ्यातली पुट्टी फोडून तारा सरळ करायच्या. त्या केल्या. आता नवीन लाकूड हवं होतं. खऱ्या ठोकळ्यासारखं जुनं, मुरलेलं. पेन्सिलीचं पुन्हा वापरायला मन होईना.

वहिनी माझ्या मागे उभी राहून सगळं बघत होती. तिने ओट्यावरचा लाकडी डाव उचलला आणि दांड्याकडून माझ्यापुढे धरला.

"टोकाचं काप. माझ्या लग्नातला आहे. पाणी पिऊन पिऊन टणक झालाय."

"दादा चिडेल."

"चिडू दे की. डाव माझा आहे." मग जरा थांबून म्हणाली, "या वेळी नुसता चिकटवू नको, ताई. काहीतरी आरपार घाल."

मी पट्टी उलटी गुंडाळली, टाचणी आरपार घातली आणि मागून डाख दिला. आता ठोकळा काढायचा तर पेडलच मोडावं लागलं असतं. उद्घाटनाच्या सकाळी दादा उठायच्या आधी मॉडेल पेटीत गेलं, पेटीला कुलूप लागलं, आणि किल्ली वहिनीच्या कमरेला.

दादाला कळलं तेव्हा पहिली गिऱ्हाइकं फाटकातून आत येत होती. त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनी कुंड्या मोजत होती. त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडेच बघत होते.

माणसं पेटीभोवती जमली. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, अगदी तोच. कुणीतरी दिव्यांच्या काचा कशाच्या म्हणून विचारलं, कुणीतरी हॉर्न वाजतो का म्हणून. मग शिंपीकाका पुढे झाले. आमच्या घरातल्या सगळ्यांचे कपडे तेच शिवत आलेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, काचेला नाक लावलं आणि बाबांच्या पुतळ्याकडे बोट दाखवलं.

"ट्रॅक्टरकाका, तुम्हाला खाली का उभं केलंय?"

"ते अजून थोडं काम बाकी आहे," दादा म्हणाला.

"काम पुरं झालंय," मी म्हटलं.

शिंपीकाकांचं बोट काचेवरून खाली सरकलं. "आणि पेडलावर हा ठोकळा कसला? एवढ्या तोकड्या पायाची पँट मी तुम्हाला कधी शिवली नाही, काका."

लोक हसले. दादा म्हणाला, "शोभेचं आहे." आई मागून म्हणाली, "आमच्या मुलीचं काहीतरी आपलं असंच." आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की लहानपणी एवढ्यावर मी गप्प बसले असते.

"शोभेचं नाही," मी म्हटलं. "ज्याने चालवला त्याच्या पायासाठी आहे."

दादा पाण्याची बाटली शोधू लागला.

बाबा खुर्चीतून उठले. माणसं बाजूला झाली. ते पेटीशी आले, वाकले आणि आपल्याच पुतळ्याकडे, त्या ताठ उभ्या, रिकाम्या हातांच्या माणसाकडे, बघत राहिले. मग मान न वळवता त्यांनी हात मागे केला, तसा तो आईच्या दंडाला लागला. त्यांनी तिला पुढे ओढून काचेसमोर उभं केलं.

"मला चालवता येत नव्हता," बाबा शिंपीकाकांना म्हणाले. "एकदा मागे घसरला, तेव्हापासून भीती बसली. मी नुसता बसायचो. एवढी वर्षं बुटका हिनेच चालवला."