आधी शब्द, मग सुरी

मित्रांनो, मी भाजी चिरायची एक जुनी लाकडी फळी आहे. तुम्ही मला चॉपिंग बोर्ड म्हणता. मला त्याचा राग नाही, कारण माझं निम्मं आयुष्य इंग्रजी शब्दांतच गेलं आहे.

एका सुताराने मला जाड, घट्ट लाकडातून कापलं, रंधा मारला, तेल पाजलं आणि स्वयंपाक शिकवणाऱ्या एका शाळेत पोहोचतं केलं. तिथे मी सरांच्या टेबलावर राहिले. समोर मुलंमुली पांढरे एप्रन बांधून उभी असत. बहुतेकांच्या हाताला घरच्या कामाचं वळण होतं. पण मोठ्या हॉटेलांत आणि जहाजांवर हुकूम इंग्रजीतून सुटतात, आणि तिथे "काय म्हणालात?" असं विचारायला कुणाला सवड नसते.

सरांचा नियम एकच होता, आधी शब्द, मग सुरी. ते म्हणत, "चॉप!" मुलं ओरडत, "चॉप!" आणि मग माझ्यावर ओबडधोबड तुकडे पडत. "स्लाइस" म्हटलं की पातळ चकत्या. "डाइस" म्हणजे चौकोनी फोडी, सगळ्या एका मापाच्या. "मिन्स" म्हणजे इतकं बारीक की चिमटीत धरता येऊ नये. कुणी कुरकुर केली तर सर सांगत, "आपल्या भाषेत शब्द कमी नाहीत रे, पण तिथला आचारी तुला आपल्या भाषेत सांगणार नाही." मला तर डोळे मिटूनही कळायचं. प्रत्येक शब्दाचा घाव वेगळा असतो. एकदा परीक्षा घ्यायला आलेले पाहुणे मला पाहून म्हणाले, "फळी बघा केवढी झिजलीय! इथे खरंच शिकवतात." लाकूड असूनही मला मूठभर मांस चढलं.

पण सगळेच दिवस सारखे नसतात. शाळेत रंगीत प्लॅस्टिकच्या फळ्या आल्या आणि लाकूड बाद झालं. त्याच वर्षी सर निवृत्त झाले. मला काखोटीला मारून ते घरी आले, पण घरी त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, स्वतःची फळी होती, आणि सरांनी तर घरात कधी कांदाही चिरला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! शेवटी फ्रिज डगमगतो म्हणून मला त्याच्या पायाखाली सरकवलं. धुळीत, झुरळांच्या शेजारी मी पडून राहिले. मला फार अपमान वाटला.

मग एके सकाळी सर स्वयंपाकघराच्या दारातच कोसळले. दवाखान्यातून परत आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि वाचा गेली होती. कळत सगळं होतं, पण शब्द फुटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "बोलणं येईल, कदाचित नाहीही येणार. धीर धरा." त्यांची मुलगी महिनाभर राहिली आणि नोकरीवर परतली. घरात दोघंच उरली. काकू त्यांना भरवत, तोंड पुसत आणि म्हणत, "अहो, जास्त नको मला. एकदा नुसतं 'अगं' म्हणा. आयुष्यभर त्याच हाकेला धावत आले मी." सर ओठ हलवत, आणि काहीच आलं नाही की मान फिरवून घेत.

फ्रिज दुरुस्तीला हलवला तेव्हा काकूंना मी सापडले. त्यांच्या काय मनात आलं कुणास ठाऊक. त्यांनी मला घासलं, उन्हात वाळवलं, तेल लावलं आणि सरांसमोर ठेवून काकडी कापायला घेतली. टक, टक, टक. चार-पाच घावांनंतर सर म्हणाले, "स्लाइस."

काकूंनी सुरी टाकली आणि मुलीला फोन लावला.

"तुझे बाबा बोलले गं!"

"काय बोलले?"

"ते मला कुठे कळलंय? इंग्रजीत बोलले!"

त्या दिवसापासून वर्ग पुन्हा भरू लागला. विद्यार्थिनी एकच. सर "डाइस" म्हणत, काकू फोडी करत, आणि एखादी फोड वाकडी झाली की सर डोळे वटारत. "चाळीस वर्षं जेवू घातलं, आणि आता मला नापास करताय होय?" काकू म्हणत. मुलीच्या सांगण्यावरून एका सुताराने माझ्यात खालून दोन खिळे ठोकून टोकं वर काढून दिली. त्यांवर बटाटा रोवला की सर तो डाव्या हाताने सोलत आणि म्हणत, "पील." खिळे ठोकताना दुखलं, पण इतक्या आनंदाने मी दुसरा घाव सोसला नाही. हळूहळू चुलीजवळचे शब्दही परतले. उकळायला "बॉइल" आलं, ढवळायला "स्टर" आलं, मंद आचेवर ठेवायचं असलं की "सिमर" आलं. पण तेवढंच. पाणी हवं असलं तरी तोंडातून "पील" निघायचं, आणि मग सर स्वतःवरच चिडून टेबलावर मूठ आपटत. काकू त्यांच्यासमोर हसत, आणि बेसिनपाशी पाठ करून डोळे टिपत. स्वयंपाकघरातलं सगळं इंग्रजी परत आलं होतं. घरातला एक शब्द तेवढा येत नव्हता.

मित्रांनो, माझी विनंती आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सांगितल्यावर मला बोलवणार नाही. लाकूड पाण्यात भिजत ठेवू नका, कुजतं. धुवा, पुसा, उभं करून वाळवा, अधूनमधून तेल लावा. आणि घरातलं माणूस गप्प झालं तर त्याला कोपऱ्यात बसवून ठेवू नका. त्याच्या ओळखीचं काम त्याच्यापुढे मांडा आणि समोर बसा. उत्तर येवो न येवो, बसा.

परवा काकू गाजराच्या फोडी करत होत्या. त्यांचं लक्ष गाजराकडे नव्हतं, सरांच्या ओठांकडे होतं. गाजर धरलेली बोटं पुढे सरकली आणि वरून सुरी खाली आली.

"अगं, बोट!"

सुरी थोडी लागलीच. माझ्यावर रक्ताचा थेंब पडला. सर धडपडत उठू लागले, डाव्या हाताने फडकं शोधू लागले. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"लागू दे मेलं," त्या म्हणाल्या. "अहो, पुन्हा म्हणा."