पियानोच्या पोटातला पडदा

“अगं, मधलं पेडल दाब. बाबा रात्रपाळी करून झोपलेत.” मुलीची आई स्वयंपाकघरातून रोज असं सांगायची आणि मी खाली उतरायचो.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. पण खिडकीचा नव्हे, पियानोच्या पोटातला. घट्ट दाबलेल्या लोकरीचा. पेडल दाबून खाचेत अडकवलं, की मी तारांसमोर येतो. हातोड्यांचे घाव मी खातो, बाहेर नुसती कुजबुज जाते. मला कातरताना कारागीर म्हणाला होता, “जाड आहे, निभावेल.” माझ्या वाट्याला आलेलं कौतुक एवढंच.

मग आई गेली. बाबांची पाळी दिवसाची झाली. मुलगी पुन्हा पियानोवर बसली, तेव्हा पेडल तिने सवयीनेच दाबलं. ते तसंच खाचेत राहिलं.

ती आईचा आवडता तुकडा बसवत होती. उजव्या हाताने वरून खाली भरधाव उतरायचं, मध्येच अंगठा बोटांखालून सरकवायचा. आधी सावकाश, मग थोडे थोडे सूर जोडत, मग वेगात. तिचा रोजचा नेम कधी चुकला नाही. घाव पडत राहिले. मला दुखत नव्हतं. तिलाही दुखत नसावं. काही घाव मात्र पडतच नव्हते. ते मला कळायचं, तिला नाही.

पियानोची परीक्षा तोंडावर आली तेव्हा मावशी आली. तिने आल्या आल्या पेडल सोडवलं.

“हं, वाजव.”

उतरणीवर सूर गळत गेले.

“काय गं, पायऱ्या उतरतेस की घरंगळतेस?”

“मला वाटलं, सगळे वाजतायत.”

“ऐकूच येत नाही, तर कळणार कसं?”

बाबा दारात येऊन उभे राहिले. “राहू दे ना ते पेडल.”

“भावोजी, आता कोण झोपलंय?”

बाबा चष्मा पुसत राहिले. “हिच्या आईचा तुकडा आहे तो. मला नाही ऐकवत.”

“आणि पोर नापास झालेली ऐकवेल?”

मग तो डोळ्यांवर चढवून ते मुलीला म्हणाले, “उद्या कामावरून आलो की बसतो. तुझं संपेपर्यंत उठणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

मित्रांनो, माझ्यासारख्याला अधूनमधून हवा द्या, कसर लागू देऊ नका. आणि काम झालं की वर उचलून ठेवा. मऊ आहे म्हणून कायमचा पाडून ठेवू नका.

आज संध्याकाळी दार उघडलं. बाबांनी डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले, जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून पियानोजवळ आणली. सवयीने पुन्हा पेडल अडकवून बसलेली मुलगी नुसती बघत होती. ते वाकले, पेडल हातानेच खाचेतून सोडवलं आणि बसले.