फरशीवरचा आवाज

पोत्या फरशीवर पडला तेव्हा इतका मोठा आवाज झाला, की प्राचार्यांच्या दारासमोर तासभर चाललेल्या घोषणा एकदम थांबल्या. शंभर-सव्वाशे मुलं, दोन रखवालदार आणि दारात हात आडवा धरून उभा असलेला जिमखान्याचा शिपाई, सगळे जागच्या जागी गप्प झाले. मग मागून अध्यक्षाचा खणखणीत आवाज आला, "मारलं! निवेदन द्यायला आलेल्या पोराला मारलं!" आणि पाच-पंचवीस मोबाइल एकाच वेळी वर झाले.

पोत्याला मात्र काहीही झालेलं नव्हतं. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, डावा हात कोपरापासून तळव्यापर्यंत एकदम फरशीवर आपटलेला. हात झोंबत होता, एवढंच. चार वर्षं तो हेच शिकत आला होता. ज्याने शिकवलं तो माणूस दारात उभा राहून त्याच्याकडे बघत होता आणि त्याचा हात अजून तसाच पुढे होता.

पोत्या हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ज्युदोच्या वर्गात जो तो यालाच उचलून आपटायचा, म्हणून तो पोत्या. अध्यक्षाचंही तसंच. सातवीत सहल कुठे न्यायची यावर त्याने वर्गात मतदान घेतलं, बाई बघतच राहिल्या, तेव्हापासून तो अध्यक्ष. कशाचा, ते विचारायचं नाही. दोघांची गट्टी शाळेपासूनची. पोत्याचे वडील गेले तेव्हा अध्यक्ष आठ दिवस त्याच्या घरी झोपायला होता. तिसऱ्या दिवशी हात धरून त्याला आंघोळीला त्यानेच नेलं, आलेल्या-गेलेल्यांशी बोलायचं तेही तोच बोलला. अशा माणसाला नाही म्हणायचं कसं, हे पोत्याला कुणी शिकवलं नव्हतं.

वर्ग घ्यायचे ते मास्तर. मास्तर हे मुलांनी दिलेलं पद. कॉलेजच्या कागदोपत्री तो गृहस्थ जिमखान्याचा शिपाई होता. दिवसभर खाकी शर्टात चेंडू मोजायचा, जाळ्या बांधायचा, साहेब लोकांना पाणी नेऊन द्यायचा. पाच वाजले की शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकून, कोपरावर ठिगळ लावलेलं पांढरं जाकीट चढवून मॅटवर उभा राहायचा. तरुणपणी कुठल्याशा शिबिरात तो ज्युदो शिकला होता आणि त्याचं वेड मात्र आयुष्यभर पुरलं. पहिले तीन महिने तो नुसतं पडायला शिकवायचा. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. मुलं कंटाळून जायची. चाळीस यायची, आठ उरायची. मास्तर म्हणायचे, "पाडायला काय, कुणीही शिकतं. पाडणारा चुकला तर हसं होतं. पडणारा चुकला तर मान मोडते." हात जितका मोठ्याने वाजेल तितकं अंगाला कमी लागतं, हेही त्यांनीच सांगितलेलं. आवाज म्हणजे मार नव्हे, मार वाचला त्याची पावती.

अध्यक्ष त्या आठांत टिकला तो पोत्यामुळे. त्याच्याकडे चपळाई होती, पण धीर नव्हता. तरी दरवर्षीच्या प्रात्यक्षिकात तोच चमकायचा, कारण प्रात्यक्षिकातली अर्धी फेक पडणाराच करतो. फेकणारा ओठ न हलवता म्हणतो, "घे." पडणारा त्याच क्षणी स्वतःच्या पायांनी उडी घेतो आणि बघणाऱ्यांना वाटतं, काय ताकद आहे! पोत्या इतकी देखणी उडी घ्यायचा, की टाळ्या थांबता थांबत नसत. टाळ्या सगळ्या अध्यक्षाच्या. पोत्याला त्याचं वाईट वाटायचं नाही. खरं तर अभिमान वाटायचा, आणि तिथेच त्याचं चुकलं.

तर त्या वर्षी कॉलेजने ठरवलं, की ज्युदोचा हॉल रिकामा करून तिथे जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचे. अध्यक्षाने हा विषय उचलला. विद्यार्थी संघाची निवडणूक तीन आठवड्यांवर होती हा निव्वळ योगायोग, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटला होता. भाषण मात्र झकास करायचा. समोरच्याची ताकद समोरच्यावरच उलटवायची हे ज्युदो मला शिकवतं आणि राजकारण म्हणजे दुसरं काय, असं म्हणाला की पोरं बाकं वाजवायची. पोत्या शेवटच्या रांगेत बसून ऐकायचा. त्याच्या मनात यायचं, की या भाषणात फेकणारा आहे, समोरचा शत्रू आहे, पण रोज संध्याकाळी पडणारा कुठेच नाही. मग तोही बाक वाजवायचा.

मोर्चाच्या दिवशी रखवालदार अपुरे पडले, म्हणून प्राचार्यांनी मास्तरांना दारात उभं केलं. पोरं त्यांचं ऐकतात हे साहेबांना ठाऊक होतं. म्हणजे ज्यांच्या हॉलसाठी मोर्चा, तेच मोर्चाला अडवायला. मास्तर सगळ्यांना समजावत होते, की बाबांनो, हॉल माझाही आहे, पण आत गर्दी नको, चौघं जण या. मागचे पुढे रेटत होते. पोत्या सर्वांत पुढे होता, त्याचा तोल जायला लागला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या छातीवर तळवा टेकवला. सावरायला. हे पोत्याला त्या तळव्यावरूनच कळलं, चार वर्षांत त्याने तो हजार वेळा ओळखला होता. तेवढ्यात कानाच्या अगदी मागे अध्यक्ष हळूच म्हणाला, "घे."

आणि पोत्याने घेतलं. विचार करायला वेळच नव्हता, असं तो पुढे कित्येक महिने स्वतःला सांगत होता.

दुपारपर्यंत ती चित्रफीत सगळ्या मोबाइलांवर फिरली आणि अध्यक्षाने मास्तरांविरुद्ध लेखी तक्रारही दिली. अध्यक्षाने कँटीनमध्ये पोत्याच्या धडधाकट हाताला स्वतः पट्टी बांधली. पोत्या म्हणाला, की हे बरोबर नाही, मास्तरांनी काहीच केलेलं नाही. अध्यक्ष पट्टीची गाठ मारत म्हणाला, "मला माहीत नाही का? सुचलं, बोलून गेलो. पण उडी तू घेतलीस ना? आता यात दोघं आहोत." शांतपणे दिलेली निवेदनं कुठल्या खणात जातात हे गेली दोन वर्षं तो बघत आला होता, असंही त्याने सांगितलं. मास्तरांना फार तर ताकीद मिळेल, निवडून आलो की पहिलं काम त्यांचं. आणि पोत्या खरं बोलला तर खोटी तक्रार केली म्हणून अध्यक्षाला काढतील, मग हॉलही गेला. पोत्यापुढे इकडे आड तिकडे विहीर होती आणि चहा निवत होता.

चौकशी आठवड्याने झाली. टेबलापलीकडे उपप्राचार्य, एक विभागप्रमुख बाई आणि व्यवस्थापनाचे एक वयस्क गृहस्थ. मास्तर भिंतीजवळच्या खुर्चीत बसले होते. या खोलीत ते रोज पाणी घेऊन यायचे, पण बसले पहिल्यांदाच, त्यामुळे खुर्चीच्या अगदी कडेला टेकले होते. पोत्या आत आला तसे ते किंचित हसले. आता आपलं माणूस आलं, अशा बेताने हसले.

बाईंनी मोबाइलवर चित्रफीत लावली. आवाज झाला तशा त्या दचकल्या. "अगं बाई, केवढा आवाज! किती जोरात ढकललं असेल याला."

हीच वेळ होती. मास्तरांनी दोन वाक्यं बोलायची, की बाई, ज्याला लागतं त्याचा एवढा आवाज होत नाही, या पोराने हात आपटून पडायचं कसब दाखवलंय, आणि ते मीच शिकवलंय. चौकशी तिथेच संपली असती. पण ती वाक्यं बोलायची तर पोराला खोटारडा म्हणावं लागणार होतं. मास्तरांनी मिठाची गुळणी धरली. उपप्राचार्यांनी विचारलं, तुम्ही त्याला हात लावलात का? लावला, ते म्हणाले. ढकललंत का? मास्तरांनी पोत्याकडे पाहिलं.

"तो सांगेल. त्याला विचारा."

विचारलं. खोलीत पंखा फिरत होता. पोत्याने घरून निघताना खरं बोलायचं ठरवलं होतं, जिना चढताना ठरवलं होतं, दार ढकलतानाही ठरवलं होतं. बाहेर बाकावर अध्यक्ष बसला होता, आठ दिवस त्याच्या घरी जमिनीवर झोपलेला अध्यक्ष.

"धक्का बसला," पोत्या म्हणाला.

"कुणाचा?"

"मास्तरांचा."

वयस्क गृहस्थांनी लिहून घेतलं. नियमाप्रमाणे त्यांनी मास्तरांना विचारलं, की तुम्हाला या मुलाला काही विचारायचं आहे का? मास्तर उभे राहिले. बोलताना उभं राहायचं ही त्यांची नोकरीतली सवय.

"डोकं नाही ना आपटलं?"

"नाही, मास्तर."

"मग झालं," ते म्हणाले आणि खाली बसले.

समितीने या प्रश्नाचा अर्थ कबुली असा घेतला. माणूस स्वतःच विचारतो डोकं आपटलं का, म्हणजे ढकललं असणारच, आणखी पुरावा कशाला? अहवालात तसं छापून आलं. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मास्तरांना कामावरून काढलं. ताकीद वगैरे राहिलं बाजूला. पोत्याने अहवाल वाचला तेव्हा त्याला भडभडून आलं. तो प्रश्न मास्तरांनी कशासाठी विचारला हे जगात फक्त त्याला कळलं होतं, आणि त्याला ते कुणाला सांगता येत नव्हतं. मास्तर विचारत होते, पोरा, खोटं बोललास ते बोललास, पण लागलं तर नाही ना?

अध्यक्ष दणदणीत मतांनी निवडून आला. प्रचाराच्या फलकांवर हवेत आडवा झालेला पोत्या होता, ग्रंथालयाच्या भिंतीपासून सायकल स्टँडपर्यंत सगळीकडे. कॉलेज घाबरलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दुसरीकडे गेले, हॉल वाचला. हॉलमध्ये शिकवायला मात्र कुणी नव्हतं. नव्या प्रशिक्षकाची जाहिरात निघणार आहे, असं अध्यक्ष सांगायचा. तोवर मॅट भिंतीला रचून ठेवले आणि तिथे विद्यार्थी संघाच्या बैठका भरू लागल्या. पोत्याने दोनदा त्याला मास्तरांची आठवण करून दिली. पहिल्यांदा अध्यक्षाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्यांदा म्हणाला, जरा थांब, आत्ता तो विषय काढला तर आपल्याच अंगावर येईल. त्यांचं भांडण कधी झालंच नाही. भांडायलाही एकाला खरं बोलावं लागतं, आणि त्या बाबतीत दोघांची अळीमिळी गुपचिळी होती. नुसते भेटायचे थांबले.

परीक्षा संपल्या. पोत्याच्या वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून चाललं होतं, सकाळपासून जिन्यात सामानाची आदळआपट चालू होती. आईने आतून हाक मारली, "अरे, ती माणसं कधीची राबतायत. पाणी तरी विचार त्यांना." पोत्या बाटली आणि पेला घेऊन बाहेर आला.

दोघं जण लोखंडी कपाट घेऊन उतरत होते. खालच्या बाजूला, सगळा भार छातीवर घेऊन, मास्तर. त्यांनी कपाट जिन्याच्या वळणावर टेकवलं, पेला घेतला, पाणी प्यायले. केस बरेच पांढरे झाले होते. वरच्या बाजूचा माणूसही प्यायला आणि भिंतीला टेकून घाम पुसू लागला.

"मास्तर," पोत्या म्हणाला. गेले कित्येक महिने पाठ केलेलं त्याच्या तोंडून भराभर बाहेर आलं, "मी उद्या जातो कॉलेजात. सगळं लिहून देतो. खरं काय झालं ते. सही करून देतो."

मास्तरांनी पेला परत दिला. रागावलेले दिसले नाहीत. रागावले असते तर पोत्याने त्यांचे पाय धरले असते.

"विचारलं होतं की तेव्हा," ते म्हणाले.

पोत्याने कपाटाला हात घातला, मी धरतो एक बाजू, असं काहीतरी पुटपुटला.

"राहू द्या. तुमच्या हाताला लागेल." मास्तर वाकून कपाटाखाली हात सरकवत होते. "तुम्ही जरा भिंतीला टेका. वळणावर जागा कमी आहे."

चार वर्षं मास्तरांनी त्याला अरे-तुरे केलं होतं, पोत्या म्हटलं होतं, मूर्खा म्हटलं होतं, ताप आला तर घरी हाकललं होतं. तुम्ही कधीच म्हटलं नव्हतं. पोत्या भिंतीला टेकला. पोट आत घेतलं, तरी कपाटाची कड त्याच्या शर्टाला घासून गेली. मास्तर उलट्या पावलांनी, न बघता, एकेक पायरी चाचपत उतरत होते. वरच्या माणसाचा पाय जरा घसरला तसा खालून त्यांचा आवाज आला, वर्गात यायचा तसाच, न चढलेला.

"घाबरू नकोस. तू सावकाश ये. मी धरलंय."

पोत्या रिकामा पेला हातात घेऊन तिथेच उभा राहिला. खाली कपाट गाडीत चढलं, फळी बंद झाली, गाडी सुरू झाली. आईने आतून दोनदा विचारलं, की पाणी दिलंस का, आणि तो हो म्हणाला.