आत्याचा हात

माधुरीने आतून कडी घातली ती घातलीच. बाहेर ओटीवर पाळणा सजलेला, वाडीतल्या बायका जमलेल्या, आणि जिच्यासाठी तीन महिने बारसं खोळंबलं ती आत्या खोलीत कोंडून बसलेली! लोकांनी तोंडात बोटं घालायची नाहीत तर काय करायचं?

दोष तरी कुणाला द्यावा? माधुरी परदेशात प्रयोगशाळेत काम करते, तेही देवीच्या जातकुळीतल्या विषाणूंवर. तिकडे या कामाला हात लावण्याआधी देवीची लस टोचतात, तशी तिलाही टोचली. दंडावर फोड आला, पिकला. खपली पडेपर्यंत तान्ह्या मुलांपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण तिकीट आधीच काढलेलं. पट्टी बांधू, भाच्याला लांबूनच पाहू, असं म्हणत ती आली. कुडपणला पोचून पाहते तर बाळाच्या दोन्ही गालांवर इसब, ओलं, लालभडक. फोनवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. लेकराचं असलं काही कोण सांगत बसतं?

लशीतला विषाणू जिवंत असतो; फोडातलं जरासं काही, कपड्यावरून का होईना, अशा कातडीला लागलं तर अंगभर फोड उठतात, जीवावर बेततं. तशीच ती पोलादपूरला जायला निघाली, तर घाटात दरड आलेली. जीप माघारी फिरली. मग उरली ही एक खोली.

"दार उघड गो माधुरी," बाहेरून आई, बायजा. "लोकं हसतात."

"आई, कितीदा सांगू? माझ्यामुळे बाळाला धोका आहे."

"कसला धोका? देवीची लस आमाला सगल्यांना टोचलेली हाय! ही बघ माजी खूण."

बाहेरच्या म्हाताऱ्यांनीही पदर सरकवून दंड दाखवले असणार, कारण एकच हशा पिकला.

"ह्याच हातांनी तुमाला वाढवलं," बायजा म्हणाली. "मेलं काय कोण?"

"तुमच्या खुणा कधीच्याच सुकल्यात. माझा फोड ओला आहे, आई!"

तेवढ्यात वहिनी दाराशी आली. संजीवनीचा आवाज रडवेला होता. "माझ्या बाळाची किळस येते ना, वन्सं? सरळ सांगा की."

माधुरीला भडभडून आलं. दार उघडावं तर पोराच्या जिवाशी खेळ, न उघडावं तर जन्माची अढी. काय करणार बिचारी? तिने दाराच्या फळीला तोंड लावलं.

"वहिनी, मी इथूनच सांगते. देवव्रत. त्याच्या कानात तुम्ही सांगा माझ्यासाठी."

मग संजीवनीने नाव घेतलं, बायकांनी कुर्रर्र केलं, पाळणा हलला. माधुरी भिंतीला टेकून खाली बसली आणि पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. निभावलं एकदाचं.

थोड्या वेळाने बायजा पुन्हा दाराशी आली. राग पार उतरला होता.

"रडू नको गो बाय. तुजा हात लागला नाय म्हणून काय झालं? मी सोय केलीय. सकाळधरनं तुजी ओढणी गुंडाळलीय त्याला. बघ कसा गाढ निजलाय."

माधुरीचा हात कडीवर गेला. "कुठली ओढणी?"

"कालची, तुज्या अंगावरची, ओटीवर राहिलेली. धुतली नाय हां मुद्दाम. म्हटलं, आत्याचा वास तरी लागूदे पोराला."