साखऱ्याची घंटा आणि जाईची आकडी

मी एक जुनी काशाची घंटा आहे. मी रोज संध्याकाळी वाजत होते, तोवर साखरा गावच्या जाईला आकडी आली नाही. मी गप्प झाले आणि काही दिवसांतच तिला आकडी आली.

मित्रांनो, तांबे आणि कथील वितळवून मला घडवले ते एका कापसाच्या जिनिंगसाठी. जेवणाच्या सुट्टीला मी वाजले की मजूर मला दुवा देत. सुट्टी संपल्याचा टोला पडला की तेच मजूर शिव्या देत. दोन्ही वेळा आवाज एकच असे. स्तुती आणि निंदा यांचा आपल्या गुणांशी फारसा संबंध नसतो, हे मी तेथेच शिकले. पुढे जिनिंग बंद पडले. वारंगा फाट्यावरच्या एका भंगाराच्या दुकानामागे मी कित्येक वर्षे उलटी पडून होते. पावसाचे पाणी माझ्यात साचे आणि दुकानदाराच्या कोंबड्या ते पीत.

तेथून मला फादर स्तेफन साळवे यांनी उचलले. साखऱ्यात त्यांचे लहानसे प्रार्थनाघर आहे. गावात ख्रिस्ती घरे अगदी थोडी. बाकीचे गाव औंढ्याच्या नागनाथाला हात जोडणारे. फादरांनी मला चिंचेने घासले, नवा लोलक बसवला आणि अंगणातल्या लोखंडी मनोऱ्यावर टांगले. माझ्या शेजारी रोज प्रार्थना होते. ती कोणी ऐकतो की नाही, याचा पुरावा माझ्याकडे नाही. म्हणून त्याविषयी मी बोलणार नाही. फादर मात्र लोकांचे ऐकतात, हे मी पाहिले आहे. कोणाची भावकी बोलेनाशी झाली, कोणाचे पोरगे घर सोडून गेले, अशी माणसे माझ्याखालच्या ओट्यावर येऊन बसतात. त्यांतली बहुतेक प्रार्थनेला कधी आत गेली नाहीत आणि फादरांनी तसा आग्रहही धरला नाही. गावात त्यांना ना भावकी, ना शेत, ना कोणाचे मत मागायचे. त्यामुळे त्यांना सांगितलेले गावभर होत नाही.

जाईचे आईवडील, माणिकराव आणि प्रेमा, असेच एकदा आले. आकडी आली की ते लेकीच्या नाकाला कांदा लावत. फादरांनी त्यांना समजावले आणि जाईला हिंगोलीच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायची गोळी दिली. आकडी थांबली. गावाने मात्र श्रेय मला दिले. घंटेच्या आवाजाने बाधा पळाली, असे ठरले आणि जाता-येता लोक मला हात जोडू लागले.

मग ऐन कापूस वेचणीत माझ्या तुळईला आग्या मोहोळ बसले. माश्या चवताळू नयेत म्हणून फादरांनी माझा दोर वर गुंडाळून ठेवला. त्यानंतर एका संध्याकाळी जाई चुलीपाशी आकडी येऊन पडली. तिचा हात भाजला.

दुसऱ्या सकाळी माणिकराव शिडी आणि पेटता टेंभा घेऊन आले. मागे प्रेमा, हाताला पट्टी बांधलेली जाई आणि शेजारचे उकंडराव.

"फादर, बाजूला व्हा. मोहोळ जाळतो अन् घंटा वाजवतो."

"माणिकराव, तुम्ही अर्ध्या शिडीवर असतानाच माश्या घेरतील. जीव जाईल."

"जाऊ द्या! काल लेकरू चुलीत पडलं, उद्या हिरीत पडंल. घंटा बंद झाली अन् तकलीफ सुरू झाली. बराबर हाय का न्हाई?"

"शिडी मी धरतो," उकंडराव म्हणाले. "पर माश्या उठल्या तं मी पळन. आदीच सांगून ठेवतो."

फादरांनी शिडी अडवून धरली आणि प्रेमाकडे वळून विचारले, "ताई, संध्याकाळची गोळी कधी देता?"

"घंटा वाजली का देते. तुमीच तसं सांगून ठेवलं व्हतं."

"आणि घंटा बंद झाल्यापासून?"

"पयल्यांदा ध्यान ठेवून दिली. मंग वेचणी लागली. अंधार पडस्तोवर वावरातच. गोळी ध्यानातूनच गेली."

"चूक तुमच्या एकटीची नाही, ताई. वेळ घंटेवर सोपवली ती मीच."

माणिकरावांनी टेंभा मातीत खुपसला. उकंडरावांना मात्र राहवले नाही. "काहून खरं सांगून राहिले, फादर? गाव घंटेच्या पाया पडत व्हतं. आज ना उद्या आतबी आलं असतं."

"आणि पुढच्या वेळी लेकराला दवाखान्याऐवजी घंटेखाली आणून निजवलं असतं," फादर म्हणाले.

मोहोळ आपोआप उठून जाईपर्यंत फादर रोज संध्याकाळी जाईच्या दारात जाऊन हाक देत राहिले. "आली पाहा चालती घंटा!" असे उकंडराव ओरडत, जाई हसत हसत गोळी गिळे.

मित्रांनो, मला भंगारातून उचलल्याबद्दल मी फादरांची ऋणी आहे. त्याहून अधिक ऋणी आहे ती त्यांनी मला घंटाच राहू दिले म्हणून. तुमच्या घरी कोणाला रोजचे औषध असेल, तर ते एकाच्या आठवणीवर सोडू नका. दोघातिघांनी लक्ष ठेवा.

जाईची आकडी गोळीने थांबली होती. गोळी चुकली म्हणून ती परत आली. माझ्या आवाजाने प्रेमाला गोळीची आठवण होत असे. माझा संबंध तेवढाच.